दोरीवरचे शर्ट

सरोजिनी नगर, नवी दिल्ली
९ जून १९९६

ती. सौ. ताईस,
सा. नमस्कार.

अक्षया सुखरूप पोचली. भुसावळपासून तिच्या डब्यात एक सरदारजींचं कुटुंब होतं, त्यांनी तिला सारा प्रवास खाऊ घातलं. त्यामुळे तू तिच्याबरोबर दिलेल्या दशम्या इथे आम्ही खातो आहोत. यतीन म्हणतो, आत्याने पार्सल आपल्यालाच पाठवलं होतं.

ती कामावर रुजूही झाली. ऑफिस नोएडात आहे, नवीन केबल चॅनलांसाठी कार्यक्रम कापून-जोडून द्यायचं काम. तुझ्या लेकीला ते फार आवडलेलं दिसतं. घरी आली की जेवता जेवता हाताने हवेत कात्री चालवून दाखवते.

आता अडचण. काम रात्री साडेनऊला सुटतं. कंपनीची गाडी मुलींना घरपोच सोडते, पण फक्त नोएडातल्या. यमुना ओलांडत नाही. मग ही दोन बस बदलून येते आणि मी स्टॉपवर उभा असतो. परवा दुसरी बस आलीच नाही.

दुसरी अडचण सांगायला संकोच वाटतो. हे सरकारी क्वार्टर आहे. भाडेकरू ठेवायला सक्त मनाई, तरी अर्ध्या कॉलनीने एकेक खोली भाड्याने दिलेली आहे. तपासणीवाले सकाळी सहाला येतात, तेव्हा प्रत्येक भाडेकरू एकच सांगतो, ‘मैं तो भांजा हूँ जी.’ किंवा भांजी. इतके भाचे-भाच्या झाल्यात की आता खऱ्या भाचीवर कोणी विश्वास ठेवत नाही. समोरच्या ब्लॉकमध्ये एकांची सख्खी पुतणी शिकायला आली होती, त्यांना नोटीस मिळाली. क्वार्टर गेलं तर बाहेरचं भाडं मला झेपणारं नाही, आणि यतीनची बारावी तोंडावर आहे.

नोएडात खोली घेणं हाच मार्ग दिसतो. पण तुम्ही तिला मामाच्या घरी म्हणून पाठवलंत. भाऊजींना कसं सांगायचं ते तू ठरव.

तुझा,
हेरंब


अमळनेर
१८ जून १९९६

चि. हेरंब व चि. सौ. सुरेखा यांस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दुपारी आलं. टपाल दुपारी येतं हे माझं नशीब, तेव्हा हे पतपेढीत असतात. तुझी पत्रं मी आधी उघडते. चालण्यासारखी असली तर भाताचं शीत लावून परत चिकटवते आणि संध्याकाळी चहाबरोबर यांच्या हातात देते. न चालणारी बंबात जातात. हे बंबात गेलं.

अरे, यांना सांगायचं म्हणजे काय सांगायचं? बी.ए. झालेली मुलगी दिल्लीला पाठवायला हे सहा महिने तयार नव्हते. ‘मामाच्या घरी राहील’ या एका वाक्यावर तयार झाले. आता म्हणू, मामाने बाहेर काढली? हे उद्याच गाडीत बसतील आणि तिला घेऊन येतील. मग ती इथे बसून काय कापेल-जोडेल? भाजी?

मी दोन रात्री विचार केला. तू नोएडाचं घर तुझ्या नावावर घे. भाडं तिच्या पगारातून जाईल. कागदावर तू, दारावर पाटी तुझी. म्हणजे मुलगी मामाच्याच घरी राहते. यात खोटं काय आहे ते मला दाखव.

शिवाय तू सरकारी माणूस. तुला कोण घर नाही म्हणेल?

सुरेखाला म्हणावं, माझ्यावर रागावू नको. तुला मुलगी नाही, असती तर कळलं असतं.

कौशल्या


नवी दिल्ली
२१ जुलै १९९६

ती. सौ. ताईस,
सा. नमस्कार.

तुझ्या म्हणण्याप्रमाणे केलं. हे वाक्य लिहून मी बराच वेळ थांबलो, कारण यात सगळा भार तुझ्यावर टाकल्यासारखं वाटतं. सही मी केली.

तीन रविवार मी आणि अक्षया स्कूटरवरून नोएडा हिंडलो. प्रत्येक सेक्टरच्या कोपऱ्यावर टेबल-खुर्ची टाकून प्रॉपर्टी डीलर बसलेला. एक महिन्याचं भाडं त्याचं कमिशन. आधी आम्ही खरंच सांगत होतो. ‘लड़की अकेली रहेगी?’ असं विचारून एकाने पंख्याचं तोंड आमच्याकडून स्वतःकडे वळवलं. दुसरा म्हणाला, ‘अंकलजी, कुत्ता रख लो, मकान मिल जाएगा. अकेली लड़की को नहीं मिलेगा.’ अक्षयाने त्याला विचारलं, ‘कुत्ता अकेला हो तो?’ तो हसला. घर दाखवलं नाहीच.

मग सेक्टर सत्तावीसमध्ये सूदसाहेबांचं घर पाहिलं. बँकेतून निवृत्त झालेत, खाली नवरा-बायको राहतात, वर दोन खोल्या आणि गच्ची. त्यांनी विचारलं, ‘फॅमिली?’ मी म्हणालो, ‘जी, फॅमिली. मैं, मेरी वाइफ, बेटा और भांजी.’ किती सहज म्हणालो! ‘सेंट्रल गव्हर्न्मेंट?’ ‘जी, सेक्शन ऑफिसर.’ एवढ्यावर त्यांनी पुढचं काही विचारलं नाही, चहा मागवला. सव्वीसशे भाडं, अकरा महिन्यांचा करार, माझ्या नावाचा. ‘एच. व्ही. दातार’ अशी पितळी पाटी मी करोल बागेतून करून आणली. अक्षयाने स्टुलावर चढून ती लावली. मी स्टूल धरलं होतं.

पण कुटुंब दिसायला तर हवं. म्हणून आता दर रविवारी आम्ही तिघं जातो. गच्चीतल्या दोरीवर माझे दोन शर्ट आणि यतीनचा शाळेचा गणवेश वाळत घालतो आणि तिथेच ठेवून येतो. मिसेस सूद विचारतात, ‘भाईसाहब दिखते नहीं?’ अक्षया सांगते, ‘टूर पे हैं.’ सुरेखा तिथे पाहुणीसारखी खुर्चीच्या कडेवर बसते.

अक्षया खुशीत आहे. गाडी तिला फाटकाशी सोडते. तेवढं खरं आहे.

हेरंब


अमळनेर
१९ सप्टेंबर १९९६

चि. हेरंब व चि. सौ. सुरेखा यांस आशीर्वाद.

परवाच गणपती झाले. तुझं मागचं पत्र मी यांना वाचून दाखवलं, अर्धंच. मामाने मोठं घर घेतलं, वर गच्ची आहे, एवढं. हे म्हणाले, ‘हेरंब कर्तबगार निघाला.’ अरे, वीस वर्षांत तुझ्याबद्दल यांनी काढलेला हा पहिला चांगला शब्द.

आणखी एक आनंदाची गोष्ट. धुळ्याच्या एका घरातून अक्षयासाठी विचारणा आहे. मुलगा पुण्यात इंजिनियर, एकुलता. त्यांचे एक नातेवाईक दिल्लीला असतात. ते परस्पर तुझं नोएडाचं घर पाहून आले! वर गेले नाहीत, रस्त्यावरूनच. घरी येऊन सांगितलं, पाटी मामाची आहे, गच्चीत पुरुषाचे शर्ट, मुलाचा गणवेश, सगळं रीतसर घर आहे. मुलाच्या आईला तेवढंच हवं होतं. मला तर रडू आलं. त्या दोन शर्टांनी माझ्या लेकीचं कल्याण केलं बघ.

अजून काही ठरलेलं नाही. अक्षयाला इतक्यात काही बोलू नकोस, तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे. रविवार चुकवू नका एवढंच. सुरेखाला कंटाळा येत असेल, तिला माझ्यातर्फे एक साडी घे. मी पैसे पाठवते.

कौशल्या


नवी दिल्ली
२५ नोव्हेंबर १९९६

ती. सौ. ताईस,
सा. नमस्कार.

हे पत्र बंबात टाकायचं की नाही ते वाचून ठरव. पण पूर्ण वाच.

सूदसाहेब नेमका माणूस. बँकेत आयुष्य गेलेलं. दिवाळीत त्यांच्या मनात आलं, भाडेकरू सरकारी आहे खरा, पण एकदा खात्री करून घ्यावी. त्यांनी माझ्या ऑफिसला रीतसर पत्र पाठवलं: श्री. दातार आपल्याकडे नोकरीत आहेत का? ते सहकुटुंब माझ्या घरात राहतात. सोबत कराराची प्रत. यात त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. मला दिवाळीची मिठाई पाठवली होती, त्याच सुमारास.

प्रशासन शाखेत ते पत्र माझ्या फाइलला लागलं. शाखेतला शर्मा मला जिन्यात म्हणाला, ‘दातारसाब, आपने तो खुद ही सबूत बना दिया.’ मेमो हातात आला आहे. आपण सहकुटुंब नोएडात राहता, तर सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये कोण राहतं? ते आपण भाड्याने दिलं आहे का? खुलासा करावा.

ताई, ज्या भीतीने मी सख्ख्या भाचीला घरात ठेवलं नाही, तोच आरोप आता माझ्याच सहीने माझ्यावर आला आहे.

मी नोएडात राहतो असं लिहिलं तर क्वार्टर जाईल, चौकशी लागेल, नोकरीवरही येऊ शकतं. मार्चमध्ये यतीनची परीक्षा. मी इथेच राहतो असं खरं लिहिलं, तर ते सूदसाहेबांकडे माणूस पाठवून विचारणार. त्यांना कळलं की फसवलं, तर ते अक्षयाचं सामान रस्त्यावर ठेवतील. आणि मग तुमचं धुळ्याचं.

खुलाशाला थोडेच दिवस आहेत. मी रोज ऑफिसात कोरा कागद घेऊन बसतो. लोकांच्या अर्जांवर ‘वस्तुस्थिती लपवली आहे’ असा शेरा मी आजवर किती वेळा मारला असेल! अक्षयाला अजून सांगितलेलं नाही. तिला सांगितलं तर ती लगेच सूदांकडे जाईल, याची मला भीती आहे. ही भीती तिच्यासाठी आहे की माझ्यासाठी, ते मला नक्की सांगता येत नाही.

तुझं मत कळव. तारेने कळवलंस तरी चालेल.

हेरंब


अमळनेर
३ डिसेंबर १९९६

चि. हेरंब यास आशीर्वाद.

तार कशाला? तार आली-गेली की सारी गल्ली दारात येते.

घाबरू नकोस. खरं लिहू नकोस. खोटंही लिहू नकोस. असं लिही: माझं आणि पत्नीचं पटत नाही. ती नोएडात वेगळी राहते, भाची तिच्या सोबतीला. मी आणि मुलगा क्वार्टरमध्ये. म्हणजे दोन्ही घरं खरी ठरतात. क्वार्टर वाचलं, सूद खोटा पडला नाही, अक्षयाही राहिली. कागदावरच तर आहे. सहा महिन्यांनी लिही, पटलं.

माघात मुहूर्त आहेत. तेवढं निभवून ने. मी तुझ्याकडे आयुष्यात दुसरं काही मागितलेलं नाही. आई गेल्यावर तुझी फी कशी भरली ते मी कधी बोलून दाखवलं नाही, आताही दाखवत नाही.

हे पत्र वाचून फाड. सुरेखाच्या हाती पडू देऊ नकोस.

कौशल्या


नवी दिल्ली
१२ डिसेंबर १९९६

ती. वन्संना,
सा. नमस्कार.

आमच्याकडे टपाल सकाळी येतं, हे ऑफिसला गेल्यावर. पत्रं मी उघडते. आमच्या घरात कोणी परत चिकटवत नाही.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, या माणसाशी माझं पटत नाही असं मी रागातसुद्धा माहेरी कधी लिहिलं नाही. तुम्ही ते सरकारी कागदावर लिहायला सांगता. ‘कागदावरच तर आहे’ म्हणता. आत्ता जे आमच्या गळ्याला लागलंय, तेही कागदावरचंच आहे, वन्सं.

हे संध्याकाळी आले. मी पत्र पुढे ठेवलं. वाचून म्हणाले, ‘ताईचा हेतू वाईट नाही.’ मी विचारलं, ‘तुम्ही काय लिहिणार?’ म्हणाले, ‘विचार करतोय.’ हे विचार करतायत, वन्सं! मी पानं वाढली आणि तशीच उठले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी बसने नोएडाला गेले. आजवर स्कूटरवर मागे बसून जायचे, रस्ता नीट माहीत नव्हता, तीनदा विचारला. गच्चीत जाऊन दोरीवरचे शर्ट काढले, गणवेश काढला, पिशवीत भरले. मिसेस सूद खालून बघत होत्या. म्हणाल्या, ‘क्यों जी, सूखे नहीं थे क्या अब तक?’ मग अक्षया कामावरून येईपर्यंत पायरीवर बसून राहिले आणि तिला सगळं सांगितलं. मेमो, तुमचं पत्र, धुळ्याचं. तिला धुळ्याचं काहीच ठाऊक नव्हतं.

ती रडली नाही. मला म्हणाली, ‘मामी, तू जेवलीस का?’

मला मुलगी नाही, हे तुम्ही लिहिलं होतं. लक्षात आहे.

साडी नको. पैसे परत पाठवते आहे.

सुरेखा


नोएडा
५ जानेवारी १९९७

प्रिय आईस,

मामाने खरा खुलासा दिला. मामी पिशवी घेऊन सकाळी घरी परतली त्या दिवशीच लिहिला म्हणे. भाचीला घर मिळत नव्हतं म्हणून आपल्या नावावर करार केला, क्वार्टर सोडलेलं नाही, चूक झाली. मग तपासणीवाले सकाळी आले, यतीन आणि मामा दात घासत होते. रेशन कार्ड, गॅस, शेजारी, सगळं बघून गेले. क्वार्टर वाचलं. पण लेखी ताकीद मिळाली आणि मामाचं प्रमोशन या वर्षी तरी गेलं. तो म्हणतो, ‘स्वस्तात सुटलो.’ तू त्याला पत्र लिहून हे विचारू नकोस, प्लीज.

सूदकडे ऑफिसचा माणूस यायच्या आधीच मी खाली गेले होते. सगळं सांगितलं. अंकल असे लाल झाले, मला वाटलं आता सामान काढावं लागणार. ‘धोखा! मेरे घर में धोखा!’ मी म्हटलं, ‘अंकल, सच बोलती तो घर देते?’ ते म्हणाले, ‘बिल्कुल नहीं देता!’ मी म्हटलं, ‘तो फिर?’ आंटी आतून म्हणाल्या, ‘मुझे तो पहले ही शक था. पाँच महीने में भाईसाहब का कॉलर एक बार मैला नहीं हुआ.’ अंकल त्यांच्यावर ओरडले, ‘तो बताया क्यों नहीं?’ आंटी म्हणाल्या, ‘लड़की किराया टाइम पे दे रही थी. शर्ट का क्या करना है मुझे?’

दोन दिवस अंकल बोलले नाहीत. मी खोक्यात भांडी भरून ठेवली होती. मग त्यांनी बोलावलं. राहू देतो, पण करार तुझ्या नावावर. भाडं बत्तीसशे. मी म्हटलं, ‘अंकल, घर तो वही है.’ ते म्हणाले, ‘वो फॅमिली का रेट था बेटा. अकेली लड़की का रेट अलग है.’ मी सही केली, आई. पहिल्यांदाच माझी सही अशी कुठे लागली. सहाशे रुपये जास्त.

मामाची पाटी काढली. माझी लावू म्हटलं तर अंकल म्हणाले, ‘लड़की का नाम गली में नहीं टँगता.’ मग तिथे काहीच नाही.

धुळ्याचं मला मामीकडून कळलं. याबद्दल मी आत्ता लिहीत नाही, लिहिलं तर वाईट लिहीन. बाबांना खरं तू सांग. मी वाट बघते.

अक्षया


अमळनेर
२४ जानेवारी १९९७

चि. हेरंब यास आशीर्वाद.

यांना मी अजून सांगितलेलं नाही. रोज संध्याकाळी चहा देताना ठरवते आणि रोज कप उचलून आत जाते. तुला काय, तू तिकडे खुलासा दिलास आणि मोकळा झालास. मला ज्याला खुलासा द्यायचाय त्याच्याच घरात राहायचंय.

धुळ्याच्या मंडळींना यांनी शब्द दिला आहे. दिवाळीतच दिला. तुला मी ‘काही ठरलेलं नाही’ लिहिलं ते तू वैतागू नयेस म्हणून.

आता ऐक. हे आणि मुलाचे वडील दोघं चौदा फेब्रुवारीला दिल्लीला येतायत. ऑफिसचं निमित्त आहे, पण मुलगी पाहायची आणि मामाचं घर पाहायचं. नोएडालाच उतरणार म्हणतात, गच्ची बघायची आहे यांना. दोनच दिवस. तेवढी पाटी परत लाव. दोन शर्ट वाळत घाल. सूदला मिठाई दे, काही सांग. सुरेखा येणार नाही हे मला कळतं. तिला माहेरी गेली म्हणू. अक्षयाला आधी सांगू नकोस, ती दार उघडेल तेव्हा वडील समोर असतील, वडिलांसमोर ती बोलणार नाही. मी ओळखते तिला.

एवढं कर. यानंतर मी तुला काही मागणार नाही. यांच्या डोळ्यांदेखत मी तेवीस वर्षं खोटी ठरलेले नाही रे.

तुझी ताई


नवी दिल्ली
१ फेब्रुवारी १९९७

ती. भाऊजींस,
सा. नमस्कार.

आजवर मी तुम्हाला स्वतंत्र पत्र कधी लिहिलं नाही. ताईच्या पत्राखाली ‘भाऊजींस नमस्कार’ एवढंच. त्यामुळे सुरुवात कशी करावी हे कळत नाही. सरळ लिहितो.

नोएडात माझं घर नाही. अक्षया तिथे एकटी राहते, जुलैपासून. करार आता तिच्याच नावावर आहे, भाडं तिच्याच पगारातून जातं. तुम्ही ज्या घराबद्दल ऐकलंत त्याच्या दारावर माझी पाटी होती आणि गच्चीत माझे शर्ट होते, पण मी तिथे एक रात्रही झोपलो नाही. हे खोटं मी केलं. तिच्यासाठी केलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. तुम्हाला खरं सांगायला मी भीत होतो, हे जास्त खरं आहे. तिला आमच्या क्वार्टरमध्ये ठेवलं नाही, तेही भीतीनेच. त्या दोन भीतींचं भाडं तुमची मुलगी भरते आहे.

ताईने मला विचारलं होतं, घर मामाच्या नावावर असलं तर मुलगी मामाच्याच घरी राहते, यात खोटं काय? तेव्हा मला उत्तर देता आलं नव्हतं. घरात राहिलो नाही ते खोटं.

मुलगी कशी राहते ते पाहायला या. जरूर या. तुमच्याबरोबर जे येणार आहेत त्यांना आणायचं की नाही हे मला सांगायचा अधिकार नाही. अक्षयाला मी सगळं सांगितलं आहे. हे पत्रही तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘बाबांना सांग, स्वयंपाक मी करीन. पण दाखवायचा कार्यक्रम करणार नाही.’ शनिवार-रविवारी ती घरी असते.

पत्ता देतो. सेक्टर सत्तावीसच्या बाजाराशी रिक्षा सोडा. पाण्याच्या टाकीवरून डावीकडे वळलात की दुधाचं बूथ, त्यासमोर हिरव्या फाटकाचं घर. जिना बाहेरून आहे. वरच्या दाराला पाटी नाही, चार स्क्रूची भोकं तेवढी आहेत, त्यावरून ओळखाल. बेल वाजली नाही तर वीज गेली असेल, नोएडात नेहमीच जाते, दार वाजवा. दोरीवर जे कपडे दिसतील ते तिचे असतील.

मी स्टेशनवर येईन. तुम्हाला माझं तोंड पाहायचं नसेल तर तसं कळवा, फक्त अक्षया येईल.

आपला,
हेरंब

ताई, टपाल दुपारी येतं आणि त्या वेळी घरी तू एकटी असतेस. पाकिटावर नाव भाऊजींचं असलं तरी हे तूच आधी वाचते आहेस. बंबात टाकलंस तर मी दुसरं लिहीन, पतपेढीच्या पत्त्यावर. पण तसं व्हावं असं मला वाटत नाही. त्यांना हे तुझ्याच हातून मिळावं. आज चहा दिलास की कप उचलायच्या आधी दे. आणि शीत लावू नकोस. उघडंच दे.